लहान मुलांची मातीशी गट्टी जमवताना

दोन-अडीच वर्षांचं मूल घराबाहेर पडलं की चौथ्या पावलाला थांबतं. फरशीच्या फटीतून मुंग्यांची रांग चाललेली असते. ते उकिडवं बसतं, हनुवटी गुडघ्यांवर टेकवतं आणि बघत राहतं. सोबतचं मोठं माणूस म्हणतं, "चल ना, बागेत जायचंय." मुलाला कुठेच जायचं नसतं. त्याला हवं ते पायाशीच सापडलेलं असतं.

आपल्या लेकराला निसर्गाचा सहवास मिळावा असं मनापासून वाटतं, पण नेमकी सुरुवात कुठून करायची हे उमगत नाही, अशा आईबाबांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि नव्यानेच बालवर्ग सांभाळायला लागलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. मूल तान्हं असो की सहा वर्षांचं, माझं सांगणं एकच: खूप काही दाखवायच्या मागे लागू नका. थोडंच दाखवा, पण पुन्हा पुन्हा दाखवा. आपलेपणा ओळखीतून येतो आणि ओळख व्हायला वारंवार भेटावं लागतं. माणसांचं जसं, तसंच झाडाचं.

आधी थोडं, हे कशासाठी

सपाट फरशीवर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. गवताच्या उतारावर, मुळांच्या गुंत्यावर, सुट्या खड्यांवर तसं चालत नाही. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि स्नायू-सांध्यांकडून मेंदूकडे जाणारी खबर यांना दर पावलाला नवा हिशोब मांडावा लागतो. मूल पडतं, सावरतं, पुन्हा उभं राहतं. पुढे जिना उतरायला, उडी मारायला, इतकंच काय, पाठ ताठ ठेवून बसायलाही हीच तयारी कामी येते.

डोळ्यांचं कारण बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. घरात दिवे लावले तरी उजेड फार तर ३०० ते ५०० लक्स असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). बाहेर लख्ख दिवसा तो सहज १०,००० लक्सच्या वर जातो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्यामुळे नेत्रगोल वाजवीपेक्षा लांबट होण्याला आळा बसतो, असं मानलं जातं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला दिली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आलेली दिसली, म्हणजे नेत्रगोल लांबट झाल्याने दूरचं धूसर दिसायला लागलं. नेहमीचंच वेळापत्रक असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात बाहेर खेळण्या-वावरण्याचा एक जादा तास ठेवला होता.

मातीचंही तसंच. फिनलंडमधल्या काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचा थर आणि हिरवळ आणून पसरली. ३ ते ५ वर्षांची मुलं रोज त्यात खेळली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्तीचं नियमन सुधारल्याच्या खुणा दिसल्या. २०२० सालचा हा अभ्यास मोजक्या मुलांवरचा आहे, तेवढ्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण माती म्हणजे निव्वळ घाण ही समजूत सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

आता कामाकडे वळू.

पहिली पायरी: एकच जागा ठरवा

घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असलेली एक जागा शोधा. ती सुंदर नसली तरी चालेल. मोकळी माती, एखादं मोठं झाड, खाली पडलेलं काहीतरी उचलता येईल अशी मुभा, थोडी सावली आणि वाहनांपासून अंतर, एवढं असलं की झालं. आखीवरेखीव, कातरलेल्या हिरवळीपेक्षा कोपऱ्यातला थोडा रानटी तुकडा मुलांना जास्त रुचतो, कारण तिथे दर वेळी काहीतरी बदललेलं असतं.

मुलाला न्यायच्या आधी तुम्ही एकट्याने जाऊन या, आणि ज्या वेळी मुलाला नेणार त्याच वेळी जा. सकाळी शांत असणाऱ्या जागी संध्याकाळी मोकाट कुत्री बसलेली असू शकतात. वाकून बघा: फुटक्या काचा, खिळे, सुया, उघडी तार, जनावरांची विष्ठा, झाकण नसलेला खड्डा, मधमाश्यांचं पोळं. खाज सुटणारी किंवा विषारी झुडपं आहेत का, हे जाणकाराला विचारून घ्या. अर्धा तास यात घालवलात तर पुढे तिथे गेल्यावर "नको, नको, हात लावू नको" असं सारखं ओरडावं लागणार नाही. मुलाला मोकळं सोडायचं तर आधी आपल्या मनातली धास्ती कमी व्हायला हवी.

दुसरी पायरी: वेळ थोडा, पण रोजचा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. त्यानुसार १ ते ४ वर्षांच्या मुलाच्या अंगाला दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी. त्यातली किमान ६० मिनिटं ३-४ वर्षांच्या मुलांनी धावपळीत, दमसास लागेल अशी घालवावीत. रांगायला न लागलेल्या तान्ह्या बाळाला जागेपणी, दिवसभरात मिळून ३० मिनिटं तरी पालथं खेळू द्यावं. कोणत्याही लहान मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग तासाहून जास्त वेळ बांधून ठेवू नये. १८० मिनिटं ऐकून दडपण येतं खरं. पण घराबाहेर मूल आपणहूनच हलतं, त्याला हलवावं लागत नाही.

सुरुवात पंधरा मिनिटांनी करा. सुट्टीच्या एका दिवशी तीन तास घालवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी मोलाची, कारण पालवी फुटताना, पान पिवळं पडताना, कोळ्याचं जाळं कालच्यापेक्षा मोठं झालेलं बघताना रोजच यावं लागतं.

कपड्यांबद्दल दोनच गोष्टी. मळले तरी चालतील असे जुने कपडे या कामासाठी वेगळे काढून ठेवा, आणि एक कोरडा जोड सोबत न्या.

तिसरी पायरी: मुलाच्या चालीने चाला

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या बालवर्गात एक सव्वातीन वर्षांची मुलगी होती. बोलायची फार कमी, घोळक्यात मिसळायची नाही. पाऊस उघडल्यावर मुलांना आवारात नेलं, तेव्हा ती एका ओल्या दगडापाशी बसली. दगडावर गोगलगाय होती. मुलीने बोट पुढे केलं, गोगलगाईने शिंगं आत ओढून घेतली. मुलीने बोट मागे घेतलं. बऱ्याच वेळाने शिंगं हळूहळू बाहेर आली, आधी एक, मग दुसरं. मुलीने पुन्हा बोट नेलं, पण या वेळी अर्ध्यातच थांबवलं. हे असं वीसेक मिनिटं चाललं. इतर मुलं खेळून आत जायच्या तयारीत होती आणि मी तिला हाक मारणार एवढ्यात ती वळून म्हणाली, "ती मला घाबरत नाही आता." त्या महिन्यातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य ते होतं.

त्या वीस मिनिटांत तिने स्वतःचा हात आवरला, दुसऱ्या जिवाला काय वाटत असेल याचा अंदाज बांधला, वाट पाहिली, पुन्हा करून पाहिलं. हे सगळं मी एखादा पाठ घेऊन शिकवू शकले नसते. मी एवढंच केलं की हाक मारली नाही.

तुम्हीही तेच करा. मूल थांबलं की थांबा. शक्य असेल तर खाली बसा, म्हणजे त्याला दिसतंय ते तुम्हालाही दिसेल. फोन पिशवीत ठेवा. फोटो काढायचाच असेल तर एक काढा आणि फोन परत आत टाका. फोटोसाठी "इकडे बघ" म्हटलं की मुलाची नजर मुंगीवरून उठते, आणि ती परत तिथे बसायला वेळ लागतो.

रेचेल आणि स्टीफन कॅप्लान या मानसशास्त्रज्ञांनी लक्ष देण्याचे दोन प्रकार मांडले. एक ओढूनताणून द्यावं लागणारं लक्ष, ते थकतं. दुसरं आपसूक जाणारं, जसं हलत्या पानांकडे, वाहत्या पाण्याकडे, सरकणाऱ्या ढगांकडे. दुसऱ्यात रमलं की पहिल्याला विसावा मिळतो. दिवसभर सूचना ऐकून शिणलेल्या मुलाला बाहेर नेऊन पुन्हा सूचनाच दिल्या, तर त्याला विसावा कुठून मिळणार?

चौथी पायरी: शब्द द्या, परीक्षा घेऊ नका

"हा कुठला रंग? हे काय आहे? किती पानं आहेत, मोज." मोठ्यांच्या तोंडून हे आपोआप निघतं. हेतू चांगलाच असतो, पण मुलाला लगेच कळतं की आपली परीक्षा चालली आहे, आणि ते गप्प होतं किंवा पळतं.

त्याऐवजी मुलाच्या हातात जे आहे त्याला साजेसा शब्द तेवढा पुरवा. खोडाची साल खरखरीत, खडा गुळगुळीत, शेवाळ बुळबुळीत, गांडुळाने उकरलेली माती भुसभुशीत, वाळलेलं पान पायाखाली चुरचुरतं. पाऊस रिपरिप पडतो, पागोळ्या टपटप गळतात, वाऱ्याने पानं सळसळतात. आपल्या भाषेत असे शब्द ओंजळी भरभरून आहेत आणि ते चित्रावर बोट ठेवून शिकवता येत नाहीत. बुळबुळीत म्हणजे काय हे बोटांना कळल्यावर तो शब्द जन्मभर विसरत नाही.

मुलाने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची घाई नको. "पान का पडलं?" असं विचारलं तर "तुला काय वाटतं?" म्हणा आणि खरंच ऐका. एका मुलाने मला सांगितलं होतं की पानाला झोप आली होती. मग आम्ही दोघांनी खाली पडलेली सगळी पानं बघितली: कुठली नुकती झोपलीत, कुठली केव्हाची. हिरवी, पिवळी, तपकिरी, जाळीदार असा क्रम त्याने स्वतःच लावला. खरं कारण पुढे कळेलच. तुम्हाला उत्तर येत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा आणि दोघं मिळून शोधा.

पाचवी पायरी: सुट्या वस्तू

काड्या, खडे, बिया, पानं, पाणी, माती. सायमन निकोल्सन या शिल्पकाराने १९७१ मध्ये 'सुटे भाग' ही कल्पना मांडली: हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या गोष्टी भोवती जितक्या जास्त, तितकी कल्पकतेला वाट जास्त. विकतची खेळण्यातली गाडी गाडीच राहते. काडी मात्र पूल होते, चमचा होते, घोडा होते, आणि खेळ संपला की परत काडी होते. मुलाला खेळ सुचवू नका, वस्तूंपाशी सोडा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र डोळ्यात तेल घालून बघा. साधारण तीन सेंटिमीटरहून लहान बी किंवा खडा घशात अडकू शकतो. या वयात सगळं तोंडात जातं, आणि तोंडात घालणं हीसुद्धा त्यांची ओळख करून घेण्याची रीत आहे. म्हणून त्यांच्याभोवती मुठीहून मोठ्या वस्तूच ठेवा.

सहावी पायरी: पडू द्या, पण कुठे ते ठरवून

एलन सँडसेटर या नॉर्वेतल्या अभ्यासक मुलांच्या धाडसी खेळांत उंची, वेग, दंगामस्ती, मोठ्यांच्या नजरेआड जाणं अशा प्रकारांची नोंद करतात. मुलं हे खेळ मुद्दाम शोधतात. त्यांना आपली मर्यादा चाचपून बघायची असते. आपलं काम धोका ओळखण्याचं आहे. मुलाला दिसणारा, त्याला तोलता येणारा धोका, म्हणजे बुटकी फांदी किंवा निसरडा उतार, त्याच्या वाट्याला येऊ द्या. त्याला न दिसणारा, म्हणजे कुजलेली फांदी, गवतात दडलेली काच किंवा खोल पाणी, तुम्ही आधीच बाजूला करा किंवा तिथे जाऊच नका.

मी दोन नियम कायम पाळते. एक, मुलाला जिथे स्वतः चढता येत नाही तिथे उचलून ठेवायचं नाही. दोन, "पडशील!" असं ओरडायचं नाही. "पाय कुठे ठेवशील आता?", "फांदी हलतेय का बघ", "उतरताना हात कुठे धरशील?" असं विचारायचं. ओरडण्याने मूल बिचकतं आणि त्याच क्षणी तोल जातो. प्रश्न विचारला की ते आपल्या हातापायांकडे बघतं.

पाण्याजवळ कुठलीच सवलत नाही. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि ते बहुतेकदा आवाज न करता बुडतं. डबकं असो, टाकी असो की ओढा, मूल तुमच्या हाताच्या अंतरावरच हवं.

चिखल, ऊन आणि आजारपणाची भीती

चिखलात खेळून झाल्यावर, आणि काही खायच्या आधी, साबणाने निदान २० सेकंद हात धुवा. लसीकरण वेळच्या वेळी करा, त्यात धनुर्वाताची लसही येते. जंताच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. जखम झाली तर वाहत्या पाण्याने धुवा आणि खोल असेल तर दाखवून घ्या. एवढी काळजी घेतलीत की चिखलाला मनसोक्त हात घालू द्या.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये. मोठ्यांनाही ऐन दुपारचं कडक ऊन टाळलेलं बरं. तान्ह्या बाळासाठी झाडाखाली पसरलेली चादर पुरे आहे. वर हलणारी पानं, मधूनच झिरपणारा उजेड, वाऱ्याची झुळूक. त्याच्या दिवसात एवढा निसर्ग भरपूर आहे.

काही मुलांना गवताचा स्पर्श सोसत नाही. पाय टेकवला की रडतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. आधी चादरीवर बसवा, चादरीच्या कडेशी गवत असू द्या, तुम्ही त्यावर हात फिरवा. हे दिवसागणिक चालू द्या. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी मातीच वर आणा: खुर्चीच्या उंचीच्या मेजावर पसरट भांड्यात माती, पाणी, पानं. मोठ्या मुलांनी त्याच मेजाभोवती खेळावं, म्हणजे ते मूल एकटं पडत नाही.

सातवी पायरी: काहीतरी सांभाळायला द्या

जर्मनीत फ्रीडरिश फ्रॉबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला 'मुलांची बाग' अशा अर्थाचं नाव दिलं. किंडरगार्टन हा शब्द तिथूनच आला. ते नाव नुसतं शोभेचं नव्हतं. तिथे प्रत्येक मुलाला जमिनीचा स्वतःचा छोटा वाफा असायचा आणि सगळ्यांनी मिळून राखायचे सामाईक वाफेही असायचे. आपलेपणाचे दोन्ही पदर त्यात आले, माझं आणि सगळ्यांचं.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एक बी पेरायला द्या. लवकर उगवणारं बघा, कारण या वयात आठवडा म्हणजे युग असतं. पाणी जास्त घातलं जाईल, उगवलंय का बघायला माती उकरली जाईल, एखादं रोप दगावेल. दगावू द्या. गुपचूप दुसरं आणून ठेवू नका. मूल विचारेल, तेव्हा खरं सांगा आणि पुन्हा पेरा.

मेलेलं फुलपाखरू सापडेल, चिमणीचं पिल्लू सापडेल. "बघू नको" म्हणून ओढून नेऊ नका. काठीने हलवून बघू द्या, प्रश्न विचारू द्या, पुरायचं म्हणालं तर पुरा. मुंगी चिरडणारं मूल दुष्ट नसतं, त्याला आपल्या बोटातलं बळ कळत असतं. हात धरून हळूच म्हणा, "ती कुठे चालली होती, बघू या का?" आणि रांगेच्या मागे जा. मात्र जंगलं नष्ट होत आहेत, पृथ्वी तापते आहे, असली ओझी या वयात त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. आधी जीव जडू द्या.

जागा नसेलच तर

खिडकी आहे. तिच्यातून दिसणारं एखादं झाड किंवा आभाळाचा तुकडा ठरवून रोज एकाच वेळी बघा. चंद्र आज कुठे आहे, ढग कुठल्या दिशेला चाललेत, समोर कुठला पक्षी बसतो. खिडकीत एक कुंडी ठेवा आणि तिच्यातली माती मुलाच्या हाती द्या. पावसात दहा मिनिटं बाहेर हात काढू द्या.

महिन्या-दोन महिन्यांनी काय दिसतं

एक खूण मी मनापासून शोधत असते. सुरुवातीला मूल "ते झाड" म्हणतं. काही दिवसांनी "माझं झाड" होतं, त्यावरून भांडणंही होतात. मग कधीतरी नवं मूल गटात येतं, आणि आपलं जुनं मूल त्याला हाताला धरून तिथे नेतं, खोडावर हात ठेवतं आणि सांगतं, "हे आपलं झाड." 'आमचं' नाही, 'आपलं'. मराठीत या दोन शब्दांमध्ये केवढं अंतर आहे: 'आमचं'मध्ये समोरचा बाहेर राहतो, 'आपलं'मध्ये तो आत येतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला हा फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो.

घर बदलायची वेळ आली तर या झाडाचा निरोप घ्यायला विसरू नका. शेवटच्या दिवशी मुलाला तिथे न्या, हवं असेल तर एक पान किंवा खडा सोबत घेऊ द्या. नव्या ठिकाणी सामान लागायच्या आधीच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, पायी फिरून नवी जागा शोधा आणि या वेळी झाड मुलाला निवडू द्या. जुना खडा ते बहुतेक तिथे, मुळाशी, ठेवून येईल.